ओनर फ्लॅट दाखवायला येतोय: शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांनी नेमकं काय करायचं

रविवारी सकाळी साडेनऊची गोष्ट. पुण्यात कर्वेनगरच्या एका टू बीएचकेत आम्ही तिघी राहायचो. एक अंघोळीला गेली होती, एक नाइट शिफ्ट करून झोपली होती आणि मी हॉलमध्ये केसांना तेल लावत बसले होते. दाराचं लॅच बाहेरून फिरलं आणि ओनर काका आत आले. त्यांच्यामागे एजंट, एजंटामागे एक जोडपं आणि त्या दोघांपैकी कुणाची तरी आई. "दोनच मिनिटं हं, तुमचं चालू द्या," काका म्हणाले. एजंटाने मोबाइल उंच धरून व्हिडिओ सुरू केला. हॉल, किचन, बाल्कनी आणि बाल्कनीतल्या स्टँडवर वाळत घातलेले आमचे कपडे. आजींनी बाथरूमच्या दारावर टकटक केली आणि विचारलं, "अजून किती वेळ गं?"

दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. आम्ही नोटीस दिलेली होती, त्यामुळे "जाणारच आहोत, कशाला वाद" म्हणून तिघी गप्प बसलो. पुढच्या तीन आठवड्यांत अशा सात फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीनंतर मी मेलमधून ॲग्रीमेंटची पीडीएफ शोधून काढली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा नीट वाचली.

तेव्हापासून दोन फ्लॅट बदलले. मैत्रिणींच्या, त्यांच्या भावांच्या, ऑफिसातल्या पोरांच्या याच तक्रारी ऐकल्या. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, आणि त्यातही लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी, म्हणजे पुण्या-मुंबईत शेअरिंगमध्ये राहणाऱ्या बहुतेकांसाठी.

कायदा काय म्हणतो (थोडकंच आहे)

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो. त्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे. जागा भाड्याने दिलेली असो की लायसन्सवर, घरमालकाला ती पाहण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि तिथे राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. बस, एवढंच. वाजवी वेळ म्हणजे किती वाजता, सूचना किती तास आधी, तोंडी चालेल की लेखी, यातलं काहीच त्यात नाही.

आणखी एक गोष्ट त्यात नाही. कलम घरमालकाने जागा पाहण्याबद्दल बोलतं. एजंट, त्याची गिऱ्हाइकं, त्यांच्या आया यांच्याबद्दल ते काही म्हणत नाही. लोकांना घर दाखवायचं असेल तर ते ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर तुमच्याशी बोलून ठरवावं लागतं. म्हणजे "घर माझं आहे, मी केव्हाही येईन" हे ओनरचं म्हणणं चूक, आणि "मी भाडं भरतोय, तुम्ही पाऊल टाकायचं नाही" हे आपलंही चूक.

आता कटू भाग. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे राहण्याची परवानगी. ती कल्पना १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातून आलेली आहे. त्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्सने तुम्हाला त्या मालमत्तेत कुठलाही हितसंबंध मिळत नाही. जुन्या वाड्यात पागडीवर राहणाऱ्या भाडेकरूइतका आपला पाया पक्का नाही, हे आधीच समजून घ्या. "ताबा माझा आहे" हे वाक्य भांडणात भारी वाटतं, वकिलासमोर तेवढं भारी राहत नाही. पण परवानगी पैसे घेऊन, ठरलेल्या मुदतीसाठी दिलेली आहे. तुमची चूक नसताना मधेच बाहेर काढलं तर त्याच कायद्याच्या कलम ६४ खाली भरपाई मागता येते.

व्हॉट्सॲपवर फिरणारा "चोवीस तास आधी नोटीस द्यावीच लागते" हा नियम कुठून येतो? केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातून. त्यात चोवीस तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना आणि सूर्योदयाआधी, सूर्यास्तानंतर यायचं नाही, असं छान लिहिलं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि महाराष्ट्रात १९९९चाच कायदा चालतो. म्हणून एजंटाला "कायद्याने चोवीस तास" असं ठणकावू नका, तोही गुगल करतो. "केंद्राच्या आदर्श कायद्यातही चोवीस तासच सुचवले आहेत, आपण तेच ठेवू" असं म्हणा. ते खरंही आहे आणि पटणारंही.

पहिलं काम: ॲग्रीमेंट उघडा

कॉपी नसेल तर ज्या एजंटाने नोंदणी करून दिली त्याच्याकडून मागा, त्याच्याकडे असतेच. वाचताना पाच जागी थांबा.

पाहणीचं कलम. बहुतेक छापील मसुद्यांत "लायसन्सर वाजवी वेळी, पूर्वसूचना देऊन जागेची पाहणी करू शकेल" अशा अर्थाचं वाक्य असतं (लायसन्सर म्हणजे ओनर, लायसन्सी म्हणजे आपण). त्याखाली "आणि संभाव्य भाडेकरूंना किंवा खरेदीदारांना दाखवू शकेल" असं आहे का ते पाहा. असेल तर तुम्ही सही केलेली आहे, साफ नाही म्हणता येणार नाही. वेळ ठरवता येईल.

नोटीस आणि लॉक-इन. दाखवणं नोटीस पीरियडमध्येच, असं लिहिलं असेल तर लॉक-इन (म्हणजे करार मधेच सोडता येत नाही तो काळ) चालू असताना येणाऱ्या फेऱ्यांना तुम्ही थेट कलम दाखवू शकता.

नावं. तिघींचीही लायसन्सी म्हणून नावं आहेत, की एकीचं आहे आणि बाकीच्या नुसत्या "राहणाऱ्या"? हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

कुलूप आणि बदल. जागेत कुठलाही बदल करायचा नाही, हे वाक्य जवळपास सगळीकडे असतं. लॅच बदलायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

पाचवी जागा म्हणजे शेवटचं पान: नोंदणी झाली आहे का? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. नोंदणी केलेला लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे "मी तोंडी सांगितलं होतं की केव्हाही दाखवीन" असं ओनर म्हणाला तरी ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर.

आणि नोंदणी झालेली असेल तर काटा उलटा फिरतो. मुदत संपल्यावर ताबा मागण्याच्या, त्याच कायद्याच्या कलम २४ च्या कारवाईत लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. तिथे "आमचं तोंडी वेगळं ठरलं होतं" हे चालत नाही.

दाखवतोय कशासाठी, हे विचारा

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारहींना उत्तर वेगळं.

तुम्ही सगळ्यांनी नोटीस दिली आहे आणि ओनर नवीन लोक शोधतोय. ही सगळ्यात सरळ परिस्थिती. त्याला पुढचा महिना रिकामा जायला नको आहे, हे समजण्यासारखं आहे. इथे सहकार्य करा, फक्त वेळा ठरवा.

फ्लॅट विकायला काढला आहे. इथे कान टवकारा. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की लायसन्स देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली तर घेणारा त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. तुमचे सहा महिने शिल्लक असतील तर नवा मालक ते मानेलच असं नाही. म्हणून खरेदीदार पाहायला येण्याआधीच ओनरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: व्यवहार झाला तर आमची उरलेली मुदत चालू राहणार का, आणि डिपॉझिट कोण परत करणार. "बघू, तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर आलं तर खरेदीदाराला घर दाखवताना तोच प्रश्न त्याच्यासमोर, शांतपणे, विचारा.

कुणीच नोटीस दिलेली नाही, विकायचंही नाही, तरी एजंट फेऱ्या मारतोय. याचा अर्थ बहुधा ओनरला जास्त भाडं देणारं कुणीतरी हवं आहे. कारण लेखी विचारा आणि कराराची मुदत कधी संपते ते त्याच मेसेजमध्ये लिहा.

चौथी गोष्ट शेअरिंगची खास आहे, आणि सगळ्यात जास्त कटकटी इथे होतात. तिघींपैकी एक जातेय. तिच्या जागी कुणीतरी आणायचंय, म्हणून तिची खोली दाखवली जातेय. पण खोली दाखवायची म्हणजे हॉल, किचन, बाथरूम, तुमचा फ्रिज, तुमची चपलांची रॅक सगळं आलं. जाणारीला वाटतं, लवकर कुणीतरी मिळालं म्हणजे माझं डिपॉझिट सुटेल. त्यामुळे ती सगळ्याला हो म्हणते. राहणाऱ्या दोघींचं काय?

इथे करार पाहा. संपूर्ण फ्लॅट एकाच ॲग्रीमेंटने तिघींच्या नावावर असेल तर मधेच नवीन व्यक्ती आणणं म्हणजे तो करारच बदलणं. त्यात राहणाऱ्या दोघींची संमती लागते. मग येणाऱ्या मुलीला आधी भेटण्याचा आग्रह धरा, नवीन नोंदणी आणि पोलिसांकडची भाडेकरू माहिती झाल्याशिवाय सामान आणू देऊ नका. याउलट ओनरने बेडनुसार वेगवेगळे करार केले असतील तर कुणाला आणायचं हे तो ठरवतो. तुमच्या हातात राहतं ते तुमच्या बेडचं, तुमच्या कपाटाचं आणि कोण किती वाजता आत येतं एवढंच. पीजीत तर तेवढंही कागदावर नसतं, म्हणून पीजीवाल्यांनी निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्यावं.

ओनरशी बोलण्याआधी आपसात बोला

एकीने फोनवर "हो काका, या" म्हटलं की ओनरच्या दृष्टीने सगळ्यांनी हो म्हटलं. नंतर दुसरी चिडते, तिसरी रडते, आणि ओनर म्हणतो, "मी विचारूनच आलो." तो खोटं बोलत नसतो.

म्हणून एका संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि एवढं ठरवा. ओनरशी एकच जण बोलेल, बाकीच्या त्याचा फोन आला तर "तिच्याशी बोला काका" एवढंच म्हणतील. कॉमन भागासाठी सगळ्यांच्या वेळा जुळवायच्या. पण दुसरीच्या खोलीसाठी कुणी हो म्हणायचं नाही, जिची खोली तिचं उत्तर. नाइट शिफ्टवाली दुपारी बारापर्यंत झोपते, एकीची सीएची परीक्षा आहे, एकीच्या घरी महिन्यातून एकदा आई-बाबा राहायला येतात, हे सगळं आधी टेबलावर येऊ द्या.

एक अवघड मुद्दा. करारावर दोन नावं आणि राहतात चार जण, असे फ्लॅट पुण्यात गल्लोगल्ली आहेत. एजंट चार गाद्या मोजणार, हे धरून चाला. ओनरला माहीत असेल तर ठीक. माहीत नसेल तर दाखवायच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी स्वतः सांगितलेलं परवडतं. लपवाछपवीत असताना हक्कांची भाषा बोलता येत नाही, हा अनुभव आहे.

मेसेज असा पाठवा

फोन नको, मेसेज. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल आणखी चांगला. आम्ही दुसऱ्या फ्लॅटमध्ये पाठवला तो जवळपास असाच होता:

"नमस्कार काका. फ्लॅट दाखवायला आमची हरकत नाही. तिघींच्या वेळा जुळवून बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ आणि शनिवारी दुपारी १२ ते २ अशा दोन वेळा ठेवल्या आहेत. कोण आणि किती जण येणार ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत इथे कळवाल का? आमच्यापैकी एक जण नक्की घरी असेल. आम्ही नसताना तुमच्याकडच्या किल्लीने उघडू नये, ही विनंती. फोटो किंवा व्हिडिओ काढायचे असतील तर आधी सांगा, म्हणजे सामान आवरून ठेवतो. गळती वगैरे तातडीचं काही असेल तर अर्थातच केव्हाही फोन करा."

पहिलं वाक्य "हरकत नाही" हेच ठेवा. काका लोक पहिल्या ओळीवरून पुढचा सूर ठरवतात. दोन वेळा द्या, एक दिली तर अडवणूक वाटते आणि पाच दिल्या तर पाचही वापरल्या जातात. तातडीच्या कामाची शेवटची ओळ मुद्दाम आहे. खालच्या मजल्यावर पाणी झिरपतंय म्हणून ओनर धावत आला तर त्याला चोवीस तासांचा हिशोब सांगायचा नसतो.

बहुतेक ओनर या मेसेजला उत्तर देत नाहीत, फोन करतात. बोला. फोन ठेवल्यावर लगेच लिहा: "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे शनिवारी १२ ते २, तुम्ही आणि दोन जण." एवढी एक ओळ पुढे कधी काय ठरलं होतं याचा पुरावा असते.

किल्ली, कडी आणि गेट

ओनरकडे जादा किल्ली असणं यात काही वावगं नाही. ती विचारल्याशिवाय वापरणं हा प्रश्न आहे. लॅचचं कुलूप गुपचूप बदललंत तर कराराचा भंग तुमच्या बाजूने होतो, म्हणून तसं करू नका. बदलायचंच असेल तर लेखी परवानगी मागा आणि एक किल्ली त्याला द्या. त्यापेक्षा सोपा उपाय घरात आधीच असतो: आतली कडी. घरात कुणी असेल तेव्हा कडी लावायची, एवढी सवय तिघींनी लावली तर लॅचची किल्ली बाहेरून कितीही फिरली तरी दार उघडत नाही. बाहेर जाताना स्वतःच्या कपाटाला स्वतःचं छोटं कुलूप.

सोसायटीचं गेट हे खरं नाकं आहे. गेटवर ॲप असेल तर पाहुण्याला आत सोडायची परवानगी कोणाच्या मोबाइलवर जाते ते तपासा. आमच्याकडे ती ओनरच्या मोबाइलवर जात होती. त्यामुळे एजंट आला की काका ऑफिसातून "अप्रूव्ह" दाबायचे आणि आम्हाला बेल वाजल्यावर कळायचं. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन राहणाऱ्यांचे नंबर त्यात टाकून घेतले. रजिस्टरची वही असेल तर वॉचमनला सांगून ठेवा, "दादा, आमच्या फ्लॅटचं नाव सांगून एजंट आला तर आधी इंटरकॉम करा." दिवाळीला त्याला फराळ दिलेला असेल तर तो नक्की करतो.

दाखवण्याचा दिवस

आदल्या रात्री अर्धा तास लागतो. पासपोर्ट, दागिने, रोख, ऑफिसचा लॅपटॉप कपाटात. औषधांच्या पट्ट्या ड्रॉवरमध्ये, त्या वाचून लोक काय काय अंदाज बांधतात ते तुमच्या लक्षात येत नाही. दाराशी साठलेली ऑनलाइन पार्सलची खोकी फेका, त्यांवर तुमचं पूर्ण नाव आणि कधीकधी मोबाइल नंबरही असतो. फ्रिजवरचा शिफ्टचा तक्ता काढा, म्हणजे कोण केव्हा घरी नसतं हे पाहुण्यांना कळायला नको. कपड्यांचं स्टँड बाल्कनीतून खोलीत.

लोक आले की तुम्ही पुढे, ते मागे. प्रत्येक खोलीचं दार तुम्ही वाजवायचं, तुम्ही उघडायचं. पाच-सहा जण एकदम आले तर तिघांना आधी आत घ्या, बाकीच्यांना हॉलमध्ये बसवा. एकदम सगळे पांगले की कोण कुठल्या खोलीत आहे हे कुणालाच सांगता येत नाही. भिंतीतली कपाटं पाहायची असतात, त्यात चूक नाही. एक रिकामं करून ठेवा आणि तेच उघडून दाखवा. भरलेलं कपाट कुणी उघडायला लागलं तर "ते आमचं सामान आहे" एवढं म्हणून पुढे चला.

"पाणी येतं का हो? शेजारी कसे आहेत?" हे प्रश्न येतातच. सूड उगवण्याचा मोह होतो. आमच्यातल्या एकीने एकदा एका सरळ माणसाला "रात्री उंदीर दिसतात" असं सांगितलं होतं. नव्हते दिसत. खोटं सांगू नका, पण पाणी खरंच सकाळी एकच तास येत असेल तर ते सांगायला कुणाची बंदी नाही. स्वतःचं भाडं, डिपॉझिट, कुठे काम करता, हे मात्र पाहुण्यांना सांगायची काहीच गरज नाही. एजंट विचारत असेल तर अजिबातच नाही.

लोक गेल्यावर दोन मिनिटं काढून एका नोंदीत लिहा: तारीख, वेळ, किती जण, कोण घेऊन आलं, आधी कळवलं होतं की नाही. ही नोंद डिपॉझिटच्या वेळी कामाला येते. "तुम्ही घर दाखवू दिलं नाही म्हणून महिना रिकामा गेला, तेवढे कापतो," असं ओनर म्हणाला तर तुमच्याकडे नऊ तारखा असतात. त्याच्याकडे बहुधा काहीच नसतं.

फोटो आणि व्हिडिओ

याला वेगळी जागा दिली, कारण इथे नाही म्हणायला सगळे बिचकतात. फ्लॅटची पाहणी आणि तुमच्या सामानासकट तुमच्या राहत्या घराचा व्हिडिओ जाहिरातीत टाकणं या एकच गोष्टी नाहीत. करारात चित्रीकरणाची परवानगी लिहिलेली नसेल तर सरळ म्हणा, "व्हिडिओ नको, आमचं सामान आहे." बरेचदा एजंटाकडे तुम्ही येण्याआधीचे रिकाम्या फ्लॅटचे फोटो असतात. ते वापरायला सांगा. नसतील तर तुम्हीच आवरून, चांगल्या उजेडात, चार फोटो काढून द्या. एजंट खूश होतो आणि चौकटीत काय येतं ते तुमच्या हातात राहतं.

व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकाला घर दाखवण्याची नवी तऱ्हा आहे. त्यात समोरून कोण बघतंय, रेकॉर्ड करतंय का, हे कळत नाही. झोपलेल्या, अंघोळीच्या, स्वयंपाकात असलेल्या माणसावर कॅमेरा जाणार नाही हे आधी बोलून घ्या. या वादात कुणीतरी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा खासगीपणाचा निकाल काढतंच. निकाल मोठा आहे, पण तो मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्यातला. दारात उभ्या एजंटाला त्याने काही फरक पडत नाही, "कॅमेरा खाली घ्या" याने पडतो.

सांगूनही ऐकलं नाही तर

न सांगता आले आणि तुम्ही घरात आहात: कडी लावलेली ठेवा, दाराआडून बोला. "काका, आत्ता जमणार नाही, शनिवारी बाराला या." आवाज चढवायचा नाही, पण दारही उघडायचं नाही. लगेच मेसेज: "आज अमुक वाजता न कळवता आलात, आम्ही शनिवारची वेळ दिली आहे."

दुसऱ्यांदा झालं तर ईमेल, ज्यात दोन्ही तारखा आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ चा उल्लेख. तिसऱ्यांदा झालं तर तेच पत्र स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह (वेगळी रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली). हे जुनाट वाटतं, पण पोस्टमन सही घ्यायला उभा राहिला की प्रकरण गंभीर आहे हे घरच्यांनाही कळतं. माझ्या ओळखीतले दोन ओनर, घरात काकूंनी पत्र वाचल्यावर, सुधारले.

तुम्ही नसताना कुलूप उघडून आत गेले, काही गहाळ झालं, धमकी दिली, किंवा एखादी मुलगी एकटी असताना अनोळखी माणसं आत शिरली, तर पोलीस. त्या क्षणी ११२. नंतर चौकीत गेलात की "हा सिव्हिल मॅटर आहे" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. भारतीय न्याय संहितेत गृह-अतिक्रमण कलम ३२९ मध्ये येतं, पण त्यात गुन्हा करण्याचा, धाक दाखवण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा इरादा दाखवावा लागतो. त्यामुळे फक्त "न विचारता आले" यावर फारसं होत नाही. तरी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

वीज-पाणी तोडण्याची धमकी आली तर लोक भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ दाखवतात. ते अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं खरं, पण त्यातला शब्द "भाडेकरू" आहे. आपण लायसन्सी. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. हेल्पलाइन १५१००.

आणि रागाच्या भरात एक गोष्ट करू नका: मुदत संपल्यावर अडून बसणं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलात तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ओनरच्या सात फेऱ्यांचा राग त्या हिशोबात वजा होत नाही.

पुढचं ॲग्रीमेंट करताना

हे सगळं टाळायची जागा सुरुवातीलाच असते. एजंट मसुदा पाठवतो तेव्हा पाहणीच्या कलमाखाली ही दोन वाक्यं टाकायला सांगा:

"लायसन्सर किंवा त्यांचा प्रतिनिधी संभाव्य लायसन्सी अथवा खरेदीदारांना जागा फक्त नोटीसच्या काळात, किमान चोवीस तास आधी लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवून, सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत, लायसन्सींपैकी किमान एक जण उपस्थित असताना दाखवू शकतील. लायसन्सींच्या लेखी संमतीशिवाय त्यांच्या सामानाचे फोटो किंवा चित्रीकरण केले जाणार नाही."

तिघी असाल तर तिघींची नावं लायसन्सी म्हणून घाला, "राहणाऱ्या" म्हणून नको. एजंट म्हणेल, "असं कुणी टाकत नाही." म्हणू द्या, टाइप करायला त्याला मिनिट लागतं. फक्त हे मसुद्याच्या वेळीच सांगा. नोंदणीवाला मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला आणि बोट टेकवलं, की मग बदलासाठी पुन्हा वेगळा दस्त आणि वेगळा खर्च.